नोटीस फिरली का?

ग्रामीण भागातल्या कुठल्याही अनुदानित महाविद्यालयाच्या ऑफिसात एक लांबट वही असते. जाड पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी, वर पांढरा कागद डकवून त्यावर ‘स्टाफ नोटीस बुक’ आणि शैक्षणिक वर्ष. आत वरच्या बाजूला सूचना, तिच्याखाली प्राचार्यांची सही व गोल शिक्का आणि समोरच्या पानावर अनुक्रमांक, नाव, सही असे तीन रकाने. नावं सेवाज्येष्ठतेने. आधी ज्येष्ठ प्राध्यापक, मग नंतर लागलेले, मग ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक, त्यानंतर ऑफिस अधीक्षक, मुख्य लिपिक, कनिष्ठ लिपिक, प्रयोगशाळा परिचर आणि सगळ्यात खाली शिपाई. वही घेऊन फिरणारा माणूस यादीत शेवटचा. सगळ्यांपर्यंत सूचना पोहोचवून झाली, की तो दाराशी उभा राहून आपल्यालाही ती मिळाल्याची सही करतो.

‘नोटीस फिरली का?’ हा कॉलेजातला रोजचा प्रश्न. प्राचार्य हेडक्लार्कना विचारतात, हेडक्लार्क शिपाईमामांना विचारतात. मामा म्हणतात, “फिरली की. मराठीचं सर तेवढं तासावर हायत, आल्यावर घेतो.” तासावर असलेल्या सरांना वर्गाच्या दारात गाठायचं नाही, हा अलिखित नियम. मॅडम प्रयोगशाळेत असतील तर हात पुसून होईपर्यंत थांबायचं, हा दुसरा. रजेवर असलेल्याच्या नावापुढे लाल शाईने ‘रजा’ पडतं, बाहेरगावी कामाला गेलेल्यापुढे ‘ऑन ड्यूटी’. काही जण न वाचताच सही ठोकतात. एखादे संघटनेत मुरलेले सर सहीच्या खाली तारीख आणि वेळही घालतात, कारण उद्या वाद झाला तर सूचना बैठकीच्या आदल्या दिवशी मिळाली की बैठकीच्या वेळेलाच, हे त्या दोन आकड्यांवर ठरणार असतं. स्टाफरूममध्ये अशा सरांची थट्टा होते. अडचण आली की सगळे त्यांच्याकडेच जातात.

मुरगूड हे अशा वह्यांचं गाव आहे. कागल तालुक्यात, वेदगंगेच्या खोऱ्यात, निपाणीकडून गारगोटी-राधानगरीकडे जाणाऱ्या वाटेवर. एका अंगाला बिद्रीचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला हमीदवाड्याचा. हंगामात रस्त्यावर ऊसगाड्यांची रांग. गावात हायस्कुलं, ज्युनिअर कॉलेजं आणि शिवाजी विद्यापीठाला संलग्न असलेलं सदाशिवराव मंडलिक महाविद्यालय. आसपासच्या वाड्या-गावांतली पोरं-पोरी एसटीने इथे शिकायला येतात, त्यांतल्या पुष्कळ जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच माणूस. इथून पुढे गेलं की गारगोटी लागते, जिथे जे. पी. नाईक आणि व्ही. टी. पाटील यांच्या खटपटीतून १९४७ साली मौनी विद्यापीठ उभं राहिलं. गावाला लागणारं शिक्षण गावात, ही कल्पना तिथे त्या काळी प्रत्यक्ष करून पाहिली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची योजना काढली, तेव्हा आपल्याकडच्या कैक जुन्या प्राध्यापकांना प्रश्न पडला असेल, की मग आजवर आम्ही काय चालवत होतो?

पुढे जे लिहितो आहे ते कुणा एका कॉलेजचं उणंदुणं नव्हे. कोल्हापूर, सांगली, सातारा, विद्यापीठाच्या या तिन्ही जिल्ह्यांत कुठेही स्टाफरूममध्ये बसा, हेच ऐकू येईल.

नोटीस बुकात येतं काय? बैठकीची वेळ. परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं वेळापत्रक. स्वातंत्र्यदिनाला सकाळी अमुक वाजता हजर राहावं. सेवानिवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ, त्यासाठी वर्गणी. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीआधी विभागाची फाइल पूर्ण करून द्यावी. आयकराचं विवरण अमुक तारखेपर्यंत द्यावं, अन्यथा पगार बिलात नाव घेतलं जाणार नाही. ही शेवटची सूचना मात्र सगळे नीट वाचतात. बाकी बहुतेक सूचना आधीच कानावर आलेल्या असतात. बैठक ठरली आहे हे प्राचार्यांनी सही करण्याआधी चहाच्या गाड्यावर माहीत असतं. वही फिरते ती बातमी देण्यासाठी नाही, पुरावा ठेवण्यासाठी. हे एकदा ध्यानात घेतलं की तिची सगळी शिस्त समजते.

काही सूचना कायद्याने लावाव्याच लागतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगतो, की अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश आणि शिक्षेची तरतूद सहज दिसेल अशा जागी लावली पाहिजे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने जन माहिती अधिकाऱ्याची पाटी भिंतीवर आणली. या दोन पाट्या पाहून त्या संस्थेचा कारभार कसा चालतो याचा बराच अंदाज येतो. जिना चढताच समोर आहेत, की स्टोअररूमच्या दारामागे? समितीतल्या सदस्य अजून सेवेत आहेत, की केव्हाच निवृत्त झाल्या?

पण कर्मचाऱ्यांच्या आयुष्याला वळण देणारी एकही बातमी या वहीत जन्माला येत नाही. ती मंत्रालयातून निघते, पुण्याच्या उच्च शिक्षण संचालनालयात येते, कोल्हापूरच्या सहसंचालक कार्यालयात थांबते आणि तिथून खाली उतरते. किती थांबते, यावर माणसांच्या घरातली लग्नं, घराचे हप्ते आणि दवाखाने अवलंबून असतात. “आलं काय वो पत्र?” हा कोल्हापूरला कामाला जाऊन आलेल्या क्लार्कला विचारायचा प्रश्न. तो चप्पल काढण्याआधी विचारला जातो.

सातव्या वेतन आयोगाचंच घ्या. प्राध्यापकांच्या सुधारित वेतनश्रेणीचा शासन निर्णय ८ मार्च २०१९ ला निघाला आणि श्रेणी लागू झाली १ जानेवारी २०१६ पासून. मधल्या तीन वर्षांत ‘या आठवड्यात निघतोय’ ही बातमी कितीदा आली आणि गेली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. महागाई भत्त्याचं तसंच. केंद्राने १ जुलै २०२४ पासून ५३ टक्के केला, ही बातमी टीव्हीवर आली तेव्हा इथल्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले नाहीत. राज्याचा निर्णय वेगळा, त्याचा थकबाकीचा हिशेब वेगळा, आणि तो बिलात चढायचा महिना वेगळा, हे सगळ्यांना अनुभवाने पाठ आहे.

अफवेवरचा उताराही लोकांनी स्वतःच शोधला. शासनाच्या संकेतस्थळावर टाकलेल्या प्रत्येक निर्णयाला एक लांबलचक संगणक संकेतांक असतो, आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. फोनवर कुणी निर्णयाची प्रत पाठवली की ऑफिसातला जाणता माणूस मजकूर वाचतच नाही, थेट शेवटच्या परिच्छेदावर जातो. संकेतांक आहे का? त्यातली तारीख वरच्या तारखेशी जुळते का? खाली डिजिटल सही आहे का? हे जुळलं तरच तो चष्मा सारखा करून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतो. मग ‘वाचा’ या मथळ्याखालची जुन्या निर्णयांची यादी पाहतो, कारण नवा निर्णय कोणत्या जुन्याला खाऊन टाकतोय ते तिथे कळतं. पदवीच्या अभ्यासक्रमात हे कुठेही शिकवत नाहीत, पण पन्नाशीतला मुख्य लिपिक ते ज्या सफाईने करतो ते एखाद्या संशोधकाने पाहण्यासारखं आहे.

संकेतस्थळं नव्हती तेव्हा ही वाट संघटनांनी मोकळी करून दिली. शिवाजी विद्यापीठ क्षेत्रात ‘सुटा’ ही प्राध्यापकांची संघटना, राज्यभरात अशा संघटनांचा महासंघ म्हणून ‘एमफुक्टो’. विदर्भात ‘नुटा बुलेटिन’ने तर शासन निर्णय, न्यायालयाचे निकाल, बैठकांची इतिवृत्तं अक्षरशः जशीच्या तशी छापून प्राध्यापकांच्या हाती दिली, विधान परिषदेत दीर्घकाळ राहिलेले बी. टी. देशमुख यांचं नाव त्या बुलेटिनशी कायमचं जोडलं गेलं. त्याचे अंक चाळले तर करमणुकीचं काही सापडणार नाही. बारीक टायपात कलमं, पोटकलमं. पण दूरच्या तालुक्यातल्या एखाद्या अधिव्याख्यात्याला आपला हक्क काय, हे संस्थाचालकाच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचता आलं, ते अशाच कागदांमुळे. मला हा मराठीतला एक मोलाचा आणि कमालीचा दुर्लक्षित पत्रव्यवसाय वाटतो.

संघटनेची नोटीस कॉलेजच्या वहीत फिरत नाही. ती फलकाच्या कोपऱ्यात लागते, कधी फाडली जाते, पुन्हा लागते. २०१३ साली ४ फेब्रुवारीपासून राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि तो १० मे रोजी मागे घेतला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट, म्हणजे त्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या, शिक्षकांचा प्रश्न, हे दोन मुख्य विषय. त्या काळातलं ७१ दिवसांचं वेतन रोखलं गेलं आणि तो विषय पुढे अनेक वर्षं न्यायालयात आणि पत्रव्यवहारात फिरत राहिला. त्या दिवसांत प्राचार्यांची मोठी पंचाईत झाली होती. पर्यवेक्षणाची नोटीस काढायची त्यांनी, तिच्यावर सही न करणारे त्यांचेच सहकारी. एकाच वहीत आदेशही आहे आणि कोऱ्या सोडलेल्या रकान्यांचा निषेधही.

शिक्षकेतरांची लढाई वेगळी आणि तिला वर्तमानपत्रात जागाही कमी. पदं रिक्त, एकेका क्लार्ककडे तीन-तीन टेबलं. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी आधी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, मग २० तारखेपासून संप केला, तेव्हा कुठे कॉलेज कुणामुळे चालतं ते ध्यानात आलं. वही फिरवायलाच कुणी नव्हतं.

तारखांचा खेळ पेन्शनच्या बाबतीत सगळ्यात क्रूर. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. एकाच मस्टरवर शेजारी-शेजारी सही करणारे दोघे, एकच विषय, एकच पगार. एक ऑक्टोबरात रुजू झाला, दुसरा दिवाळीच्या सुट्टीनंतर. एकाला निवृत्तीनंतर ठरलेलं पेन्शन, दुसऱ्याच्या हाती बाजाराच्या भरवशावरचा फंड. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी याच मागणीसाठी संपावर गेले. पुढे २०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेआधी निघाली होती त्यांना जुन्या योजनेचा पर्याय दिला, आणि आपल्यालाही कधीतरी तो लागू होईल या आशेवर कॉलेजांतल्या माणसांनी माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या. वीस वर्षांपूर्वीच्या पेपरातलं बोटभर जाहिरातीचं कात्रण. ज्याने ते लॅमिनेट करून ठेवलं त्याला तेव्हा सगळे हसले होते.

नोकरीविषयीच्या सरकारी सूचनेला या मातीत जुना इतिहास आहे. मुरगूडचा तलाव ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते सर पिराजीराव घाटगे कागलचे जहागीरदार आणि राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे बंधू. शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेलेले असताना, २६ जुलै १९०२ ला, करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, सरकारच्या गॅझेटात एक आदेश छापून आला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांतून भराव्यात. हा भाग सर्वांना माहीत आहे. त्याच आदेशातलं एक कलम मात्र फारसं कुणी सांगत नाही. ज्या कचेरीत हे प्रमाण भरत नाही तिथली पुढची नेमणूक याच वर्गांतून व्हावी, आणि आदेशानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करावा. तक्ता मागणारा राजा! घोषणा करून भागत नाही, खालचा अधिकारी ती पानात दाबून ठेवील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजच्या बिंदुनामावलीचं, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं हे ठरवणाऱ्या तक्त्याचं, मूळ शोधायचं तर या तीन महिन्यांच्या तक्त्यापाशीच जावं लागेल.

पुन्हा आपल्या वहीकडे येऊ. मार्च २०२० मध्ये करोना आला. कॉलेजं बंद, वही ऑफिसात कुलूपबंद. सूचना फोनवर येऊ लागल्या आणि कॉलेज उघडून वही पुन्हा फिरू लागली तरी फोनवर येतच राहिल्या. सुरुवातीला लोकांना बरं वाटलं. ‘सर्व स्टाफ’, ‘टीचिंग’, ‘नॉन-टीचिंग’, ‘एक्झाम’, ‘नॅक’ असे गट झाले. एकाच माणसाच्या फोनमध्ये कॉलेजचे डझनभर गट. शिपाईमामांच्या बऱ्याच फेऱ्या वाचल्या. पण वहीला ऑफिसची वेळ होती, फोनला नाही. रात्री साडेनऊला ‘उद्या सकाळी आठ वाजेपर्यंत माहिती भरून द्यावी’ असा संदेश आणि त्याखाली ओळीने ‘नोटेड सर’, ‘ओके सर’, हात जोडलेली चित्रं. ज्याने उत्तर दिलं नाही त्याचं नाव दुसऱ्या दिवशी निघतं. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. मुरगूड परिसरात त्याआधी एक साधी अडचण आहे. पावसाळ्यात वीज गेली, टॉवर बंद पडला, की सूचना पोहोचली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. वेदगंगा पात्राबाहेर आली की रस्ता बंद होतो, जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश निघतो, आणि तो आदेश फोनवर दिसेपर्यंत पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस अर्ध्या वाटेत अडकलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत हे सगळ्यांनी भोगलं.

फोनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. निवडणुकीच्या कामाचं पत्र तहसीलदारांकडून पूर्वी बंद लिफाफ्यात यायचं आणि कुणाकुणाचं नाव आहे यावरून दोन दिवस तर्क चालायचे. आता यादी एका मिनिटात सगळ्यांना दिसते. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा कोण कुठल्या मतदान केंद्रावर जाणार आणि गाडीत कुणाबरोबर जाता येईल, हे सगळं गटावरच ठरलं. शिवाय दडपून ठेवलेलं पत्र आता दडपलेलं राहत नाही. सहसंचालकांचं पत्र आलंच नाही, असं सांगायची सोय संपली, कारण शेजारच्या कॉलेजातला मित्र त्याचा फोटो पाठवतो. ही गोष्ट लहान नाही. कित्येक संस्थांत पूर्वी कर्मचाऱ्याला आपल्याच सेवापुस्तकातली नोंद पाहायला विनवण्या कराव्या लागत.

आता त्या सहीच्या यादीकडे परत जाऊ, कारण खरी गोम तिथे आहे. सेवाज्येष्ठतेची यादी म्हणजे मंजूर पदावरच्या माणसांची यादी. जे तासिका तत्त्वावर शिकवतात, ज्यांना सगळे ‘सीएचबी’ म्हणतात, त्यांची नावं तिच्यात नसतात. कधी खाली पेन्सिलने लिहिलेली असतात, कधी वेगळ्या कागदावर, कधी कुठेच नाही. पात्रता तीच, नेट, सेट, कुणाची पीएच.डी. झालेली. पगार तासावर. १४ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाने पदवीच्या तासाला ५०० रुपये दर झाला, नंतर तो वाढला, पण मूळ व्यवस्था तशीच राहिली. सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. बिलं मंजूर होऊन रक्कम येते ती एकदम काही महिन्यांची. स्टाफरूममध्ये दिवाळीपूर्वी पगार होणार का, याची चर्चा रंगते तेव्हा हे लोक वर्तमानपत्र उघडून बसतात. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांतही आज शिकवणाऱ्यांत मोठा वाटा अर्धवेळ, करारावरच्या शिक्षकांचा आहे, आणि त्यांचीही तक्रार हीच, की बैठकीला बोलावत नाहीत, निर्णय मागाहून कळतो. दुखणं जगभरचं आहे म्हणून इथलं हलकं होत नाही.

२०१८ च्या सप्टेंबरात प्राध्यापकांनी काम बंद ठेवलं तेव्हा रिक्त जागा ही मागणी पुढे होती. ३ नोव्हेंबर २०१८ ला सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला परवानगी मिळाली. अर्धीअधिक भरायची राहिली असताना ४ मे २०२० ला वित्त विभागाने नव्या भरतीवर बंदी घातली. उरलेल्या २,०८८ पदांना वाट मिळाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. या तीन वर्षांत ज्यांचं वय पस्तिशीकडून चाळिशीकडे सरकलं त्यांच्यासाठी नोटीस म्हणजे एकच, पेपरातली ‘पाहिजेत’ची जाहिरात. ती निघायची तर आधी बिंदुनामावली तपासून घ्यायची, मागासवर्ग कक्षाचा शिक्का आणायचा, मग ना-हरकत, मग विद्यापीठाकडून जाहिरातीचा मसुदा मंजूर. एवढ्या प्रवासात कागद कुठे थांबला आहे, हे ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला कुणीच लेखी सांगत नाही. तो विचारतो, ऑफिस म्हणतं, “वर पाठवलंय.”

नव्या शैक्षणिक धोरणाने हे आणखी चिघळलं. संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला आलं. विषयांची विभागणी बदलली, क्रेडिट बदलले, कार्यभाराचं गणित नव्याने मांडायची वेळ आली. कोणाचे तास कमी होणार, कोणाचं पद धोक्यात, याची कुजबुज सुरू झाली, आणि तिच्यावर उतारा म्हणून आल्या त्या कार्यशाळांच्या नोटिसा. कार्यशाळेला उपस्थिती अनिवार्य. कार्यभाराच्या तक्त्याची प्रत मात्र मागावी लागते.

नॅकची समिती येते तेव्हा हीच नोटीस बुकं कपाटातून बाहेर निघतात, पाच वर्षांची, ओळीने मांडलेली. बैठकीची सूचना, इतिवृत्त, केलेली कार्यवाही. समितीला वही पूर्ण दिसते. तिला न दिसणारी गोष्ट म्हणजे यादीत कुणाची नावं मुळातच नाहीत. ती दिसावी असं एखाद्या प्राचार्याला वाटलंच तर काम फार नाही. सहीच्या यादीत तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नावं शाईने घालायची. आणि रिक्त पदं किती, बिंदुनामावलीत कुठला बिंदू मोकळा, प्रस्ताव कुठल्या टेबलावर किती तारखेपासून पडून, असा एक पानाचा तक्ता दर तीन महिन्यांनी फलकावर लावायचा. १९०२ साली करवीरच्या खातेप्रमुखांना तो द्यावाच लागत होता. आजच्या कॉलेजला तो लावायला मुंबईची परवानगी लागत नाही. टाचण्या ऑफिसात असतातच.